पेनसिल्वेनिया म्हणजे काही छोटं राज्य नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतला अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवरचा लेख वाचला. छान आहे, आकडे वगैरे नीट दिलेत, पण त्यात एक मुद्दा असा आहे की इलेक्टोरल कॉलेजमुळे (म्हणजे प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टर, आणि अध्यक्ष निवडतात ते या इलेक्टरांच्या मतांनी) छोट्या राज्यांचा आवाज टिकून राहतो. आपल्याकडे हे सगळेच लिहितात, टीव्हीवर चर्चेला बसणारे पण हेच सांगतात, आणि मला ते अजिबात पटत नाही म्हणून हे पत्र.

कागदावर बघितलं तर बरोबर वाटतं. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखसुद्धा नाही तरी 3 इलेक्टोरल मतं, आणि कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी लोक तरी 54. म्हणजे माणशी हिशोब केला तर वायोमिंगवाल्याचं वजन तिपटीहून जास्त. पण मग मला सांगा, वायोमिंगला प्रचाराला जातं कोण? तिथे 1964 नंतर डेमोक्रॅट कधी जिंकलेलाच नाही. व्हरमाँटपण छोटंच, तिथे 1988 नंतर रिपब्लिकन नाही. निकाल आधीच ठरलेला असल्यावर दोन्ही पक्षांना तिथे पैसा आणि वेळ घालवायचं कारणच उरत नाही. लग्नात जो पाहुणा रुसून बसलाय त्याच्याच मागे सगळे धावतात, जो गपचूप पंगतीत बसलाय त्याला कोणी विचारत नाही, तसंच आहे हे.

2024 ला ज्या सात राज्यांवर सगळं अडलं होतं त्यात पेनसिल्वेनिया (19), जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिना (प्रत्येकी 16), मिशिगन (15) ही चार तर लोकसंख्येत देशातल्या पहिल्या दहात येतात. ऍरिझोना, विस्कॉन्सिन मधली, आणि खरं छोटं म्हणावं असं फक्त नेवाडा, 6 मतांचं. ट्रम्पनी सातही घेतली, 312 विरुद्ध 226. म्हणजे भाव मिळतो तो छोटं असण्याला नाही, काठावर असण्याला मिळतो. आणि काठावर कोण असणार हे पण कायमचं नसतं. 2000 साली फ्लोरिडात 537 मतांवर बुश अध्यक्ष झाले, तोच फ्लोरिडा आता ट्रम्पनी 13 टक्क्यांनी घेतला. ओहायोचं पण तेच, एकेकाळी सगळा देश ओहायोकडे डोळे लावून बसायचा.

माझा मावसभाऊ बरीच वर्षं न्यू जर्सीत एडिसनला होता, नंतर डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्वेनियात घर घेतलं. तो सांगतो की पहिल्या घरी निवडणूक आली कधी गेली कधी कळायचं नाही, आणि दुसऱ्या घरी लेटरबॉक्स पत्रकांनी भरून वाहतो, दाराची बेल वाजवून लोक येतात, यूट्यूब लावलं की जाहिरात. माणूस तोच, नोकरी तीच, फक्त नदी ओलांडली. आपली मराठी मंडळी अमेरिकेत जिथे दाटीने आहेत ती न्यू जर्सी, कॅलिफोर्निया ही राज्यं बहुतेक ठरलेलीच, त्यामुळे भारतीय मतांची ताकद वगैरे जे लेख येतात ते वाचताना राज्य कुठलं ते आधी बघावं.

सगळ्यात वाईट मला वाटतं ते दुसऱ्या बाजूने मत देणाऱ्यांचं. 2020 मध्ये ट्रम्पना सगळ्यात जास्त मतं कुठून मिळाली माहितीये? टेक्ससमधून नाही, कॅलिफोर्नियातून! 60 लाखांहून जास्त. आणि त्या 60 लाखांची किंमत शून्य, कारण 'जो जिंकेल त्याला सगळी' असा नियम. 2024 ला टेक्ससमध्ये डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिसना 48 लाख मतं पडली, ती पण तशीच वाया.

आणि हा नियम घटनेत नाहीये बरं का, हे तुमच्या लेखात यायला हवं होतं. घटनेनी फक्त एवढं म्हटलंय की इलेक्टर कसे नेमायचे ते राज्याचं विधिमंडळ ठरवेल. सुरुवातीला काही राज्यं जिल्हावार नेमायची, मग 1800 साली व्हर्जिनियानी तेव्हाचे उमेदवार जेफरसन यांच्या सोयीसाठी सगळी मतं एकगठ्ठा देण्याची पद्धत आणली, बाकीची राज्यं पण हळूहळू त्याच वाटेनी गेली, कारण आपण वाटून द्यायची आणि शेजाऱ्याने एकगठ्ठा द्यायची हे कोणाला परवडणार. गंमत म्हणजे आजचं काठावरचं मिशिगन, त्यांनी 1892 ला जिल्हावार पद्धत करून बघितली होती, 9-5 अशी मतं वाटली गेली आणि पुढच्या निवडणुकीच्या आत बंदही केली. आज फक्त मेन आणि नेब्रास्का तसं करतात. त्यामुळे वॉरन बफेचं गाव म्हणून आपल्याला माहीत असलेल्या नेब्रास्कातल्या ओमाहाला, तिथल्या जिल्ह्याचं एक मत वेगळं असल्याने, अचानक महत्त्व आलं. हॅरिसना मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्वेनिया मिळाली असती तर ओमाहाच्या एका मतासकट जिंकायला लागणारे बरोब्बर 270 होत होते. म्हणून सप्टेंबर 2024 मध्ये, मतदानाला दोन महिनेही उरले नसताना, नेब्रास्काचा नियम बदलायची खटपट चालली होती, सिनेटर लिंडसे ग्रॅहम स्वतः तिथे जाऊन आले. एका रिपब्लिकन आमदाराने नाही म्हटलं आणि ते बारगळलं.

आता कोणी म्हणेल त्यांचं ते बघून घेतील, आपल्याला काय. तर आपल्याला असं की काठावरच्या राज्यांना खूश ठेवायला जे निर्णय होतात त्याचं बिल बाकीचे भरतात. 2018 ला स्टीलवर 25 टक्के टॅरिफ आला तेव्हा भारताचं स्टीलपण त्यात होतं, आपण 2019 मध्ये त्यांच्या बदाम-अक्रोड-सफरचंदांवर ड्यूटी वाढवली. मग 2025 मध्ये तो 50 टक्के करायची घोषणा झाली ती कुठे, तर पिट्सबर्गजवळच्या स्टील कारखान्यात, कामगारांसमोर, म्हणजे पेनसिल्वेनियाच. टिप्सवर टॅक्स नको ही ट्रम्पची घोषणा लास व्हेगासला झाली, दोन महिन्यांनी हॅरिसनी पण लास व्हेगासलाच येऊन तेच आश्वासन दिलं. वेटर काय फक्त नेवाडातच असतात का? आणि हॅरिस 2019 ला फ्रॅकिंगवर (जमिनीखालचा खडक फोडून गॅस काढण्यावर) बंदी आणू म्हणत होत्या, 2024 ला नाही म्हणाल्या, कारण पेनसिल्वेनियात गॅस निघतो.

बदलायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. 1969 मध्ये थेट मतांनी अध्यक्ष निवडायची घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहात 338 विरुद्ध 70 नी पास झाली होती, सिनेटमध्ये अडकली. आता राज्यांचा एक करार आहे, देशभरात ज्याला जास्त मतं त्याला आमचे इलेक्टर, असा. 270 जमले की लागू होणार, 2024 ला मेन आलं तेव्हा 209 झाले होते. तोपर्यंत त्यात या सातपैकी एकही राज्य नव्हतं, आणि का असेल? 2019 मध्ये नेवाडाच्या विधिमंडळाने तो पास केला होता तर तिथल्या डेमोक्रॅट गव्हर्नर सिसोलाक यांनीच व्हेटो केला, कारण दिलं की नेवाडासारख्या छोट्या राज्याचं महत्त्व कमी होईल. छोट्या राज्याचं म्हणे! वायोमिंगवाल्याने हे ऐकलं असेल तर हसला असेल.

एक विनंती, 2028 ला देशभरातल्या पोलचे आकडे पहिल्या पानावर कमी द्या आणि पेनसिल्वेनियातल्या ईरीसारख्या काउंट्यांमध्ये काय चाललंय ते जास्त द्या. ईरीने 2012 ला ओबामा, 2016 ला ट्रम्प, 2020 ला बायडेन आणि 2024 ला परत ट्रम्प निवडलेत.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे