संगीताचे सहा युरो

शहापूर, बेळगाव
रविवार

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू तीनदा विचारलंस, "व्हेनिसची कॉफी कशी होती?" आणि तिन्ही वेळा मी "छान होती" म्हणून सांगितलं. बाबा शेजारी बसलेले, दुसरं काय सांगणार? आता ते फिरायला गेलेत. येतील तोवर खरं काय ते लिहून टाकते.

तू टूरचे पैसे भरलेस ते भरलेसच, वर निघताना पन्नास युरोचं वेगळं पाकीट दिलंस. त्यावर तुझ्या अक्षरात "फक्त सान मार्को चौकातल्या कॉफीसाठी". बाबांनी ते पाकीट बनियनच्या आतल्या खिशात ठेवलं आणि व्हेनिस येईपर्यंत त्याला हात लावला नाही. रोममध्ये चालून चालून माझा घसा कोरडा पडला होता, तरी नाही. "ते पोरानं कशासाठी दिलंय ते लिहून दिलंय," म्हणाले.

चौक बघण्यासारखा आहे, त्यात वाद नाही. बोटीतनं उतरून आत शिरलो तर एका बाजूला सोनेरी चर्च, तिन्ही बाजूंना कमानी, आणि कमानींपुढे मांडलेल्या खुर्च्यांमध्ये पियानो, व्हायोलिन, ॲकॉर्डियन चाललेलं. पांढऱ्या कोटातले वेटर. मी म्हटलं, "अहो, हे लग्नातल्या स्टेजसारखं दिसतंय, महाग असेल." ते म्हणाले, "पाकीट कशासाठी आहे?"

टेकलो. पाच मिनिटं कुणी पाणी आणलं नाही. आपल्याकडे कुठल्याही हॉटेलात टेकलं की आधी पोरगा पाण्याचे ग्लास आदळतो, मग विचारतो. इथं पाणी मागितलं तर बंद बाटली आली. कार्ड आलं ते वितभर लांब, आणि बाबांचा चष्मा बोटीपाशी गाईडकडे ठेवलेल्या पिशवीत. माझा तर हॉटेलवरच. मग बाबांनी कार्ड मिटलं आणि मास्तरांच्या थाटात ऑर्डर दिली, "टू लाते." बंगळुरात तू आम्हाला नेलं होतंस ना मॉलमध्ये, तिथलं नाव त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

वेटरनं जरा बघितलं आणि गेला. आला तो दोन उंच ग्लास दूध घेऊन. नुसतं दूध, तेही कोमट. वर साय धरायला लागलेली.

"दूध आणलाय की हो ह्यानं!" बाबा म्हणाले. "मी काय बाळंतीण हाय?"

नंतर गाईडनं सांगितलं, इटलीत लाते म्हणजे दूधच. कॉफी घातलेलं हवं तर 'काफे लाते' म्हणायचं. आता बघ, आपण उडप्याकडे जाऊन कन्नडात 'हालु', म्हणजे दूध, म्हटलं तर तो हालूच आणणार की! चूक आमचीच. पण तेव्हा हे कुणाला माहीत? बाबांनी त्याला परत बोलावलं, ग्लासाकडे बोट दाखवून "कॉफी, कॉफी" म्हणाले. त्यानं कार्डाकडे बोट दाखवलं. शेजारच्या टेबलावरची बाई हसली. आमच्याकडे बघूनच हसली असं नाही, पण बाबांना तसंच वाटलं.

आणि मग जे झालं ते मी तुला सांगितल्याशिवाय राहूच शकत नाही. बाबा उठून उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "इंडिया! कर्नाटका! कॉफी, माय स्टेट! यू परचेस फ्रॉम अस!"

बाळू, कोण बोललं हे? दर 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, निषेध म्हणून दंडाला काळी फीत बांधून फेरीला जाणारा माणूस. कुठलं गाव विचारलं तर "बेळगाव" म्हणून थांबणारा, पुढं राज्याचं नाव न घेणारा. मी नुसती बघत राहिले. बोलले ते मात्र खरंच. देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी कर्नाटकात पिकते आणि आपल्या कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटलीच. सूफी संत बाबा बुडन यांनी हज करून येताना येमेनातनं कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या, चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही गोष्ट तर तुझे बाबा वर्गात दरवर्षी सांगायचे. वेटर "सी, सी" म्हणाला आणि बिल ठेवून गेला.

दुधाचे नऊ-नऊ, पाण्याचे सहा, आणि खाली आणखी एक ओळ, दोन गुणिले सहा. बाबांना वाटलं कुणा दुसऱ्याचं बिल आलं. ते होते संगीताचे. माणशी सहा युरो, वाजत असताना बसल्याबद्दल. एकूण छत्तीस. नव्वदनं गुणलं तर तीन हजार दोनशे चाळीस रुपये, दोन ग्लास दुधाचे. मी ते पिऊन टाकलं, टाकवेना. त्यांनी स्पर्श केला नाही. बिस्किटाचा चुरा कबुतरांना टाकायला गेले तर तेवढ्यात गाईड धावत आला, तिथं 2008 पासून कबुतरांना खायला घालायला बंदी आहे, दंड होतो म्हणून.

फसवलं म्हणावं तर तसंही नाही. संगीताचं कार्डावर छापलेलं होतं, अगदी तळाला, बारीक. तिकडे काउंटरला उभं राहून प्यायलं तर दीड युरोत भागतं, बसलं की दर वेगळा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबांना लागलंय ते हेच. कचेरीतनं आलेला कन्नड कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात सही केली नाही. शेताच्या उताऱ्यासाठी सगळ्या गल्लीतले लोक यांच्याकडे येतात, "मास्तर, खाली काय लिहिलंय बघा की." आणि त्यांनीच तळाची ओळ सोडली.

परत येताना बोटीत बोलले नाहीत. उरलेले चौदा युरो परत तुझ्याच पाकिटात घातले. बिल उताऱ्यांच्या फायलीत लावून ठेवलंय, मी बघितलं.

दिवाळीला येशील तेव्हा विषय काढू नकोस. त्यांनी स्वतःच काढला तर ऐकून घे, हसू नकोस. हसायचंच असलं तर स्वयंपाकघरात ये. आणि येताना अर्धा किलो कॉफी पावडर आण, चिकोरी न घातलेली. जायफळ घरात आहे.

तुझी,
आई