गर्भातल्या हृदयाच्या तपासणीसाठी नवा प्रोब : देणगीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या दवाखान्यातली सोनोग्राफी कोणाच्या जोरावर उभी राहिली हे नौपाड्यात वेगळे सांगायला नको. चेंदणी कोळीवाड्यातल्या भगिनींनी भिशीचा अख्खा हप्ता दिला. गोखले रोडच्या दुकानदारांनी यूपीएस बसवला, वर बॅटऱ्याही बदलून दिल्या. तपासणीचा पलंग एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या पेन्शनमधला. त्यावर नाव काही त्यांनी लावू दिले नाही.

आता मशीनचा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा भाग, गेला आहे. पुढचे रबरी आवरण सुटले, आतले ध्वनिलहरी सोडणारे काही स्फटिक मेले आणि स्क्रीनवर उभी काळी पट्टी येते. यकृत बघताना ती चालून जाते. पण विसाव्या आठवड्यात गर्भाचे हृदय जेमतेम दोन सेंटिमीटरचे. पट्टी नेमकी कप्प्यांमधल्या पडद्यावर आली, तर छिद्र खरे की प्रोबचे, हे सांगता येत नाही.

शिवाय चार कप्पे दिसले की झाले, असे नसते. महाधमनी आणि फुप्फुसधमनीची अदलाबदल झालेल्या बाळाचेही चारही कप्पे ठीक दिसू शकतात. गोम वर असते : दोन्ही वाहिन्या एकमेकींना ओलांडत नाहीत, समांतर जातात. म्हणून प्रोब बाळाच्या गळ्याच्या दिशेने सरकवत दोन्ही वाहिन्या, मग श्वासनलिकेजवळचा छेद, असे क्रमाने बघतात. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांसाठी कलर डॉपलरची (रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोयीची) वेगमर्यादा खाली आणावी लागते, नाहीतर त्या रंगतच नाहीत. बाळाची पाठ वर असली तर सावली पडते. आईला थोडे फिरवून पुन्हा बघायचे. दोष आधी कळला, तर बाळंतपण हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात ठरवता येते आणि गरज असल्यास प्रोस्टाग्लँडिन (जन्मानंतर हृदयाजवळची वाहिनी उघडी ठेवणारे औषध) तयार ठेवता येते.

मशीन उसने आणा, असे सुचवणाऱ्यांना एवढेच, की गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यात ते केंद्राच्या नावे नोंदलेले असते.

खर्च 4,20,000 रुपये, जमा 1,65,000. दिवाळीत 400 घरांत पत्रके वाटली, पावत्या फाटल्या 9. ठाण्यात दहीहंडीच्या थरांना लाखांची बक्षिसे लागतात, म्हणून जरा मनाला लागले, इतकेच.

चेक किंवा यूपीआय संस्थेच्या नावेच. क्यूआर कचेरीत, 10 ते 1, रविवार बंद. आयकर सवलतीच्या पावतीसाठी पॅन द्यावा; 2,000 वरील रोख देणगीला सवलत नाही. तपासणी 18 ते 22 आठवड्यांत. मधुमेह असलेल्या किंवा आधीच्या बाळाला हृदयदोष असलेल्या मातांना प्राधान्य. मुलगा की मुलगी हे सांगितले जात नाही, विचारू नये.

आपला,
चिटणीस