तीस तासांचं प्रशिक्षण एका रविवारात?

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा पेढे घेऊन घरी आला. आयटीआय फिटर झालेला, वडील टेंपो चालवतात. त्याला आखाती देशात शटडाऊनच्या, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या, कामाला जायचं आहे. 'ओशा 30 तास'चं (अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याच्या वर्गाचं) सर्टिफिकेट असल्याशिवाय नाव पुढे जाणार नाही असं एजंटने सांगितलं, म्हणून इथल्याच एका क्लासमध्ये साडेअकरा हजार रुपये भरून त्याने ते मिळवलं. जाड कागद, सोनेरी किनार, वर गरुडाचं चित्र. मी चष्मा लावून नीट वाचलं. 'पासून' आणि 'पर्यंत' या दोन्ही रकान्यांत एकच तारीख होती, आणि ती रविवारची होती. विचारलं, "बाळा, वर्ग किती वाजता सुरू झाला?" म्हणाला, "काका, दहाला बसलो, चारला सुटलो. मध्ये जेवण होतं."

मी साखर कारखान्यात मेंटेनन्सला 32 वर्षं काढली, त्यातली शेवटची 11 फोरमन म्हणून. निवृत्त झाल्यावरही माझा हार्नेस, म्हणजे उंचीवर काम करताना अंगात घालायचे सुरक्षा पट्टे, मी माळ्यावर जपून ठेवला आहे. तो काढला आणि मुलाला म्हटलं, घाल. पाठीवरचा पट्टा पिळलेला राहिला, मांडीचे पट्टे इतके सैल की माझी अख्खी मूठ आत गेली, आणि पाठीवरची डी-रिंग (दोरी जोडायची कडी) दोन खांद्यांच्या मधे यायला हवी ती कमरेपाशी लोंबत होती. हूक कुठे अडकवशील, विचारलं. त्याने आजूबाजूला बघितलं आणि पायाजवळच्या नळाच्या पाइपकडे बोट केलं.

त्या बोटाने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही.

2004 सालची गोष्ट. गाळप संपलं होतं, ऑफ सीझनची कामं चालली होती. शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे बदलायचे होते. माझ्याबरोबरचा एक सहकारी वर चढला. बेल्ट होता, दोरी होती, हूकही लावलेला होता, पण पत्र्यालगतच्या गंजक्या पाइपला. पाय पत्र्याच्या मधोमध पडला आणि पत्रा फुटला. दोरी ताणली गेली, पाइप जोडातून निखळला आणि माणूस पाइपासकट खाली आला. जीव वाचला, कमरेखालचं अंग गेलं. चौकशीच्या वेळी ऑफिसने रजिस्टर काढून दाखवलं: 'उंचीवरील काम, प्रशिक्षण 8 तास', खाली त्याची सही, त्याच्या खाली माझी. पगाराच्या दिवशी खिडकीत स्लिपबरोबर ते रजिस्टर पुढे सरकवलं जायचं आणि आम्ही सगळे सही करायचो. ट्रेनर म्हणून ज्याची सही होती, तो आम्हाला बेल्ट-हेल्मेट विकणारा माणूस. सज्जन होता, पण आयुष्यात कधी पत्र्यावर चढलेला नव्हता. हा माणूस शिकवायला पात्र आहे का, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. मीही विचारलं नाही, याची बोच मला आजही आहे.

म्हणून हे पत्र. शिकणाऱ्याच्या सर्टिफिकेटबद्दल सगळे विचारतात, शिकवणाऱ्याच्या सर्टिफिकेटबद्दल कुणी विचारत नाही.

माझी मुलगी पुण्यात सेफ्टी ऑफिसर आहे. इंजिनिअरिंगच्या डिप्लोमानंतर तिने तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम केला, वर्षभराचा. तिला त्या कागदाचा फोटो पाठवला, तेव्हा तिने ओशाचे नियम मला फोनवर मराठीत समजावून सांगितले. ते इथे देतो, कारण आपल्या भागातून आखातात जाणाऱ्या मुलांच्या आईबापांना ते माहीत असायला हवेत.

ओशा म्हणजे अमेरिकेचं कामगार-सुरक्षा खातं, 1970 च्या कायद्याने झालेलं. त्यांचे दोन वर्ग आहेत. 10 तासांचा साध्या कामगारासाठी, 30 तासांचा सुपरवायझर किंवा सुरक्षेची जबाबदारी असलेल्या माणसासाठी. एका दिवसात साडेसात तासांपेक्षा जास्त शिकवायला बंदी आहे. म्हणजे 10 तासांच्या वर्गाला किमान दोन दिवस आणि 30 तासांच्या वर्गाला किमान चार दिवस लागणारच. शिकवणाऱ्याकडे सुरक्षेच्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय ट्रेनरचा वेगळा कोर्स पास व्हावा लागतो. बांधकामासाठी 500 नंबरचा, कारखान्यांसाठी 501 नंबरचा. त्या ट्रेनरच्या कार्डाची मुदत चार वर्षं. मुदत संपायच्या आत उजळणीचा कोर्स केला नाही तर त्याला वर्ग घेता येत नाही. शिकणाऱ्याला मिळतं तेही कार्ड असतं, सोनेरी किनारीचा कागद नव्हे, आणि त्यावर ट्रेनरचं नाव असतं. अमेरिकेच्या हद्दीबाहेर हे वर्ग घ्यायला, एखाददुसरा अपवाद सोडला तर, मुभाच नाही. आणि या कार्डाला ओशा स्वतःसुद्धा 'प्रमाणपत्र' म्हणत नाही, वर्ग पूर्ण केल्याची नोंद म्हणते.

आता यातलं त्या रविवारच्या सहा तासांत काय बसतं, ते वाचकांनीच ठरवावं.

त्या क्लासने काही तरी शिकवलं असेल, मी नाही म्हणत नाही. ओशाच्या नियमांवर आधारित स्वतःचा वर्ग घ्यायला कुणाची हरकत नाही. पण मग कागदावर तसं स्वच्छ लिहावं: आमचा वर्ग, सहा तास, शिकवणारा अमुक, त्याचं शिक्षण अमुक. दुसऱ्याचं नाव आणि तीस हा आकडा छापून साडेअकरा हजार घेणं, ही त्या टेंपोवाल्याची फसवणूक आहे. त्या मुलाच्या भरवशावर उद्या जो शिडी धरून उभा राहील, त्याचीही.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 साली, फॅक्टरी कायद्यात कलम 111-अ घातलं गेलं. सुरक्षेची माहिती मागणं, कारखान्यातच प्रशिक्षण घेणं किंवा मुख्य निरीक्षकाने मान्य केलेल्या संस्थेत मालकाने पाठवून प्रशिक्षण मिळवणं, हा त्यात कामगाराचा हक्क ठरवला. 'मान्य केलेल्या' हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. आता कामगार-सुरक्षेची 2020 ची नवी संहिता आली, कलमांचे नंबर बदलले, पण कोण शिकवणार हा प्रश्न आहे तिथेच आहे. अडचण खरी छोट्या ठिकाणी आहे. जुन्या फॅक्टरी कायद्यात सेफ्टी ऑफिसरची सक्ती होती ती 1000 किंवा जास्त कामगारांच्या किंवा सरकारने धोक्याचे ठरवलेल्या कारखान्यांना. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत 40-50 माणसांचं वर्कशॉप असतं, तिथे मालकच सुपरवायझर आणि मालकच खरेदी अधिकारी. त्याला बाहेरचा ट्रेनर बोलवावा लागतो, आणि जो स्वस्त आणि लवकर आवरणारा, त्यालाच बोलावणं जातं.

हूक कुठे अडकवायचा हे सहा फुटांच्या दोरीचं साधं गणित आहे, पण ते जाणत्या माणसानेच शिकवावं लागतं. दोरी सहा फूट. धक्का शोषणारं पाकीट उघडलं की आणखी साडेतीन फूट. डी-रिंगपासून पावलांपर्यंत माणूस साधारण पाच फूट. शिवाय दोन-तीन फूट हाताशी ठेवायचे. म्हणजे हूक जिथे लावला तिथपासून खाली साडेसोळा ते साडेसतरा फूट मोकळी जागा हवी. शेड 14 फुटांची असेल आणि हूक पायापाशी लावला असेल, तर दोरी पूर्ण ताणून थांबवायच्या आधीच माणूस जमिनीवर. म्हणून हूक डोक्याच्या वर, भक्कम ठिकाणी. हे मी त्या मुलाला अंगणात टेप लावून, खडूने भिंतीवर रेघा मारून दाखवलं. त्याला वीस मिनिटांत समजलं. हुशार आहे तो. त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आणि आपल्या जिल्ह्यातल्या उद्योजक संघटनांना माझी हात जोडून विनंती आहे. कुठल्या ट्रेनरने काय शिक्षण घेतलंय, त्याची मुदत कधीपर्यंत आहे आणि तो कशाकशाचं शिकवू शकतो, याची यादी मराठीत लावा. एमआयडीसीच्या फाट्यावर, आयटीआयच्या नोटीस बोर्डावर. दरवर्षी 4 मार्चपासून सुरक्षा सप्ताहाचे बॅनर लागतात, शपथ होते. त्याच आठवड्यात एवढं एक काम होऊ शकेल. प्रत्येक कामगाराच्या सर्टिफिकेटवर ट्रेनरचं नाव, त्याची पात्रता, सुरुवातीची आणि शेवटची तारीख सक्तीची करा. आणि आईबापांनो, पैसे भरायच्या आधी एकदा म्हणा, "सर, तुमचं स्वतःचं कार्ड दाखवा." यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरच्या भिंतीवर त्याची डिग्री लटकलेली असते, ती आपण वाचतोच की.

माझ्या सांगण्यावरून त्या मुलाने क्लासला मेसेज केला: ट्रेनरच्या कार्डाचा फोटो पाठवा. तीन आठवडे झाले, निळ्या टिका आल्या आहेत, उत्तर नाही. मुलाची मुलाखत पुढच्या महिन्यात मुंबईत आहे. तोवर दर रविवारी सकाळी तो माझ्या अंगणात हार्नेस घालतो आणि मी मांडीच्या पट्ट्यात हात घालून बघतो. सपाट तळहात जेमतेम जायला हवा, मूठ जाता कामा नये. परवा मूठ गेली नाही.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स फोरमन,
विश्रामबाग, सांगली