वाचकाच्या पुढे न धावणारा कोश

इंदूर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. ‘चंद्रकांता संतती’च्या मधल्या भागांत शिरलास आणि कोण कोणाचा ऐयार, म्हणजे वेष पालटणारा हेर, हेच कळेनासं झालं, असं लिहितोस. मला आनंद झाला, कारण सध्या मी त्याच कामात बुडालोय. हिंदी कादंबरीकार देवकीनंदन खत्रींच्या सगळ्या दुनियेचा मराठीत कोश करतोय. माणसं, किल्ले, दऱ्या, भुयारं, ऐयारांची सामग्री, तिलिस्मांचे (खजिना दडवलेल्या भूलभुलैयांचे) दरवाजे, सगळं अकारविल्हे.

इथल्या मराठी घरांत हिंदी दोन्ही हातांनी वाढली, म्हणून आपल्याला हे मुळातून वाचायला मिळालं. तिकडे पुण्याकडच्या आपल्या वयाच्या लोकांपुढे नाव काढलं, की १९९४ सालची दूरदर्शनची मालिका आणि तिच्यातल्या खलनायक क्रूरसिंहाचं ‘यक्कू’ हे पालुपद, एवढंच आठवतं. मालिका पुस्तकापासून फार दूर गेली होती. तिच्यातलं काहीही कोशात येणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं.

पसारा तुला माहीत आहेच. १८८८ची ‘चंद्रकांता’ चार भागांची, ‘संतती’चे चोवीस, आणि मग ‘भूतनाथ’, ज्याचे पहिले सहा भाग लिहून खत्री १९१३ला गेले आणि पुढचे मुलाने, दुर्गाप्रसादांनी पुरे केले. मुलाच्या भागांतल्या नोंदींना मी वेगळी खूण करतो. वडिलांनी मोकळी सोडलेली जागा मुलाने कशी भरली हे वाचकाला दिसलं पाहिजे. पानांचे आकडे मात्र कुठेच देत नाही. इथल्या खजूरी बाजारातल्या जुन्या प्रती, नव्या आवृत्त्या, प्रत्येकीची पानं निराळी. खत्रींनी प्रकरणांना ‘बयान’ म्हटलं आहे, तेव्हा भाग आणि बयान एवढं लिहिलं की कोणाच्याही हातातल्या प्रतीत जागा सापडते.

खरी अडचण आहे ती सोंगांची. या दुनियेत निम्मी माणसं दुसऱ्याच्या चेहऱ्याने वावरतात. सिद्धनाथ बाबाची नोंद घे. तो कोण, हे तुला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही, कारण तुझी लेक आता ‘चंद्रकांता’ हातात घेणार म्हणतोस आणि हे पत्र घरात कुठेतरी पडून राहणार. कोशकाराचा हात साहजिकच पहिल्या ओळीत खरं नाव लिहायला जातो. मी ते करणार नाही. ज्या लेखकाने शेकडो पानं एक चेहरा झाकून ठेवला, त्याचा बुरखा मी एका ओळीत ओढला तर त्याची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून अशा माणसाच्या दोन नोंदी. पहिलीत त्या बयानापर्यंत वाचकाला जेवढं कळलंय तेवढंच, आणि शेवटी ‘पुढचं अमुक भागानंतर पाहा’. दुसरी नोंद मागे, वेगळ्या विभागात. वनकन्येचंही तसंच. वाढतात पानं, वाढू देत. कोशाने वाचकाच्या मागून चालावं, असं मला मनापासून वाटतं.

गावांच्या नोंदी करताना मजा येते. चुनार गंगेकाठी आहे, रोहतासगढ शोण नदीच्या वरच्या पठारावर, जमानिया गाझीपूर जिल्ह्यात. नकाशावर बोट ठेवता येतं. चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके खत्रींकडे होते, तिथली पडकी बांधकामं त्यांनी स्वतः पायाखाली घातली होती. तरीही ‘कादंबरीत’ आणि ‘जमिनीवर’ असे दोन परिच्छेद मी काटेकोर वेगळे ठेवतो. खऱ्या चुनारची माहिती घेऊन कादंबरीतल्या राजा शिवदत्तच्या चुनारगढच्या भिंती बांधायच्या नाहीत.

सगळ्यांत लांब नोंद ‘तिलिस्म’ची झाली आहे. ज्याच्याजवळ अफाट खजिना आहे आणि वारस नाही, तो राजा ज्योतिषी, वैद्य, कारीगर, तांत्रिक जमवून तिलिस्म बांधतो आणि तो कोण फोडणार हेही आधीच लिहून ठेवतो. ही कल्पनाच केवढी मोठी! ‘चंद्रकांता’तल्या त्या खंडहरातला (पडक्या वाड्यातला) दगडी बगळा आठव, चंद्रकांतेच्या सखीला, चपलाला, पंख पसरून गिळणारा. लहानपणी मला ती जादू वाटायची. पण खत्री चमत्कारावर थांबत नाहीत. पुढे कुठेतरी कळ, पुर्जे, औषध यांचा उलगडा करतात. ‘संतती’तला तिलिस्मी खंजीर घे. तो हातात धरला की माणूस बेशुद्ध, पण त्याच्या जोडीची अंगठी बोटात असली तर काही होत नाही. उलगडा ज्या बयानात आहे तिथला हवाला मी देतोच. जिथे त्यांनी उलगडा केला नाही, तिथे मीही करत नाही.

कमंद (भिंत चढायचा दोर), बटवा, लखलखा (शुद्धीवर आणायचं औषध), बेहोशीची बुकणी या छोट्या नोंदी पटापट झाल्या. एक मात्र लिहिताना थांबलो. ऐयार पकडला गेला तरी त्याला जिवे मारायचं नाही, कैदेत ठेवायचं, हा त्या दुनियेतला कायदा. शत्रूचे ऐयारही भेटल्यावर एकमेकांना ‘जय माया की’ म्हणतात. ही नोंद मी कायद्याच्या नावाने स्वतंत्र केली आहे, कारण तो कोण पाळतं आणि कोण मोडतं यावर ‘संतती’तलं किती काही अवलंबून आहे. तुला लवकरच दिसेल.

आता तुझ्याकडे काम. वाचताना जिथे अडशील, तिथे भाग आणि बयान लिहून ठेव, आणि त्या क्षणी तुला काय माहीत हवं होतं तेही. सगळं वाचून झाल्यावर आठवून लिहू नकोस, तेव्हा ते उपयोगाचं नाही. मी पुस्तकं इतक्या वेळा वाचली आहेत की नवख्या वाचकाचं अडखळणं मला आता उरलेलं नाही. दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये, ‘क’पर्यंतच्या नोंदी तुझ्या वहीशी ताडून पाहू.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
नाना