शेवट आधीच कळतो, म्हणूनच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील चित्रपट परीक्षणे मी नियमित वाचते. प्रेमाची हलकीफुलकी गोष्ट सांगणाऱ्या विनोदी चित्रपटांविषयी त्यांत एक तक्रार हमखास आढळते, ती अशी की, शेवट पहिल्या दहा मिनिटांतच कळतो. तक्रार खरी आहे. मात्र परीक्षक ज्याला उणीव म्हणतात, त्याचसाठी आमच्यासारखे प्रेक्षक हे चित्रपट पुन्हा पुन्हा लावतात, एवढे मांडण्यासाठी हे पत्र.

गेल्या महिन्यात माझ्या आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. चार दिवस टीव्ही पाहायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावल्यामुळे ती भिंतीकडे तोंड करून दिवाणावर पडली होती आणि मी बासू चटर्जी यांचा 'छोटी सी बात' लावला होता. अमोल पालेकरांचा अरुण बसथांब्यावर त्याला आवडणाऱ्या प्रभाशी काय बोलावे याची मनात जुळवाजुळव करीत असताना आई भिंतीकडे पाहतच म्हणाली, "आता तो मेला स्कूटरवाला येईल बघ." स्कूटरवाला, म्हणजे असरानी यांचा नागेश, आलाच, आणि आई खुदकन हसली. पडद्यावर नायकाची फजिती होत होती. पण ही फजिती तात्पुरती आहे हे तिला पक्के ठाऊक होते आणि स्वतःच्या डोळ्याचे पुढे काय होणार हे मात्र त्या दिवशी कोणीच छातीठोकपणे सांगत नव्हते. शेवटाची काळजी मिटली की प्रेक्षकाला बारीकसारीक गोष्टींकडे सवडीने पाहता येते, आणि हे चित्रपट उभे असतात ते अशाच गोष्टींवर.

या दिलाशाचे दुसरे कारण म्हणजे संकटाचे माप. 'दीवार' आणि 'शोले' गाजत होते, त्याच सुमारास हा चित्रपट आला. यातल्या खलनायकाचे, म्हणजे नागेशचे, गुन्हे काय, तर हॉटेलात दुसऱ्याच्या खर्चाने ऐटीत कोंबडी मागवणे आणि अरुणच्या गळ्यात खटारा मोटारसायकल बांधायला हातभार लावणे. एखाद्या भिडस्त माणसाला मुलीशी दोन वाक्ये बोलता येत नाहीत, ही गोष्ट पूर्ण लांबीच्या चित्रपटाइतकी महत्त्वाची आहे असे कोणीतरी मानले, याचेच सामान्य प्रेक्षकाला बरे वाटते. धर्मेंद्र आणि हेमा मालिनीही यात आहेत; पण ते चित्रपटातल्या चित्रपटात, थिएटरच्या पडद्यावर गाणे म्हणत, आणि खुर्चीत बसलेला अरुण त्यांच्या जागी स्वतःला नि प्रभाला पाहतो. प्रेक्षक म्हणून आपण काय करतो, हे दिग्दर्शकाने इतक्या मिस्कीलपणे क्वचितच दाखवले असेल.

सई परांजपे यांच्या 1981 सालच्या 'चश्मे बद्दूर'मध्ये दारोदार चमको ही कपडे धुण्याची पावडर विकणारी दीप्ती नवल आणि फारुख शेख यांची ओळख होते, ती बादलीतल्या फेसाच्या साक्षीने. त्याआधीच त्याचे दोन्ही मित्र तिच्याविषयी जी बढाईखोर वर्णने करतात, त्यांतून बाईंनी फिल्मी प्रेमगीतांची यथेच्छ टर उडवली आहे आणि तरीही प्रेमाची टर कुठेच उडवलेली नाही. ही कसरत मला तरी गंभीर नाट्याइतकीच अवघड वाटते. मराठीत 2010 साली सतीश राजवाडे यांनी 'मुंबई-पुणे-मुंबई'त जवळजवळ सगळा भार मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी या दोघांवर टाकला. मुलाला नकार द्यायला पुण्यात आलेली मुंबईची मुलगी आणि एका दिवसाची भटकंती, एवढ्या भांडवलावर तो उभा राहिला, कारण मुंबई आणि पुणे यांचे भांडण आपल्या प्रत्येकाच्या घरात आधीपासून चालू होतेच.

या प्रकारातले सगळेच गोड मानून घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. मुलीच्या मागे मागे तिच्या ऑफिसपर्यंत जाणारा अरुण आज माझ्या मुलीला मुळीच गोंडस वाटत नाही, आणि तिचे बरोबर आहे. प्रभाला जिंकण्यासाठी खंडाळ्याच्या कर्नलसाहेबांनी अरुणला शिकवलेले डावपेचही आता ऐकताना खटकतात, मग शिकवणारे अशोक कुमार का असेनात. अलीकडच्या चित्रपटांविषयी माझी तक्रार वेगळी आहे. त्यांतली माणसे कधी बसची वाट पाहत नाहीत, महिनाअखेरीला त्यांना चणचण भासत नाही आणि भांडण झाले की ती थेट विमानतळावर पळतात. शेवट तिथेही ठाऊकच असतो. पण तोवर पाहत राहावे असे ओळखीचे काही हाती लागत नाही.

म्हणून परीक्षकांना विनंती अशी की, शेवट कधी कळला हे त्यांनी जरूर लिहावे, मात्र तिथवरचा वेळ दिग्दर्शकाने कशाने भरला आहे, हेही लिहावे, आणि 'एकदा पाहायला हरकत नाही' हा ठरीव शेरा या चित्रपटांपुरता तरी वगळावा. आईने 'छोटी सी बात' किती वेळा पाहिला असेल, याचा हिशेब आमच्या घरात कोणाकडेच नाही, आणि डोळ्याची तपासणी झाल्यावर, या रविवारी, तो पुन्हा लावायचे ठरले आहे.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे