दहावीच्या वर्षात तरी ताई बदलू नका

महोदय,
बालगृहातली मुलं दहावीत मागे पडली, की आपण शिकवणी लावतो, वह्या वाटतो. नाशकात दात्यांना तोटा नाही. पण रात्री गणित अडलं, रडू आलं, तर जायचं कुणाकडे? सांभाळणाऱ्या ताई बहुधा कंत्राटी. जीव जडतो तोवर बदलतात. मुलाला जिव्हाळ्याचा, अखंड सहवास हवा, हे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेसाठीच्या अहवालात मांडलं होतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक मुलाचा स्वतंत्र काळजी आराखडा असतो. बालकल्याण समितीने त्यात दहावी होईपर्यंत एकच ताई राहील, असं लिहून घ्यावं. आणि वाढदिवसाचा केक आणणाऱ्यांनी (फोटो जरा आवरा) वर्षभर आठवड्याची एक संध्याकाळ द्यावी.

– एक निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड