पोटातल्या कळेला ‘टर्की’ म्हणून सोडू नका : शिसे-तपासणीसाठी आवाहन

नस टोचून नशा करणारा माणूस पोट धरून दवाखान्यात गेला की बहुतेक वेळा एकच ऐकून परततो : ‘टर्की आहे, उतरेल.’ टर्की म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास. आमच्या केंद्रावर येणाऱ्या काहींची कळ मात्र उतरत नाही. बद्धकोष्ठ, अंगात रक्त कमी, पुढे मनगटच उचलत नाही. कुणाच्या हिरडीच्या कडेला निळसर रेघ दिसते. ही शिशाच्या विषबाधेची लक्षणे असू शकतात. गर्दनेही (हेरॉईननेही) पोट बांधते, गर्द सुटताना मुरडाही येतो, त्यामुळे रक्तातले शिसे मोजल्याशिवाय खरे कळत नाही.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९८८ साली मेथॲम्फेटामिन हे उत्तेजक अमली द्रव्य टोचणाऱ्यांना अशी विषबाधा झाली होती. माल बनवताना वापरलेले लेड ॲसिटेट, म्हणजे शिशाचे एक संयुग, त्यातच राहून गेले होते. इराणमध्ये २०१६ साली शिसे मिसळलेल्या अफूने कित्येकांना रुग्णालय गाठावे लागले. घेणाऱ्याला यातले काही कळत नाही. पाण्यात विरघळलेले शिसे कापसाने गाळले जात नाही, उकळून उडत नाही. गिळलेल्यातले थोडेच रक्तात जाते, टोचलेले सगळे जाते. मग ते हाडांत वर्षानुवर्षे बसते आणि गरोदरपणात तिथून सुटून बाळापर्यंत पोचते.

शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती वेळेवर मिळाली पाहिजेत. आधी व्यसन सोड, मग इलाज करू, ही अट आम्हाला मान्य नाही.

तपासणीसाठी आणि औषधांसाठी पैसे हवेत. त्याहून मोठी अडचण रक्त काढण्याची आहे. बोटाला टोचून घेतलेला नमुना कातडीवरच्या धुळीनेही चुकतो, म्हणून खात्रीसाठी शिरेतलेच रक्त लागते. आणि या माणसांच्या हातावरच्या शिरा बुजून गेलेल्या असतात. दोनदा सुई फुकट गेली की माणूस उठून चालू लागतो. हलक्या हाताच्या अनुभवी परिचारिकांनी, लॅब टेक्निशियननी आठवड्यातली एक सकाळ आम्हाला द्यावी. रुग्णासोबत दवाखान्यात बसून राहणारे स्वयंसेवकही हवेत, कारण एकटा गेलेला अनेकदा रांगेतूनच परत फिरतो.

देणगीची पावती मिळेल आणि हिशेब केंद्राच्या फलकावर लावला जाईल. तपासणीला येणाऱ्याचे नाव आम्ही ना पोलिसांना सांगतो, ना घरच्यांना. डॉक्टरांना विनंती, अशी पोटदुखी समोर आली तर शिशाची तपासणीही लिहून द्या. मदत करू इच्छिणाऱ्यांनी केंद्रावर येऊन भेटावे.